सिंगल ॲक्शन कंट्रोलर लॅपटॉपवर चालतो, सर्व्हरवर नाही: दर डिप्लॉयला येणारी कटकट

तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये एका कामापुरता छोटा कंट्रोलर, म्हणजे वेबवरून आलेली रिक्वेस्ट हाताळणारा क्लास, लिहिला. त्यात एकच मेथड, पुढे दोन अंडरस्कोअर लावलेली इन्व्होक, म्हणून त्याला सिंगल ॲक्शन कंट्रोलर म्हणतात. रूट, म्हणजे कोणत्या पत्त्याला कोणता कंट्रोलर ही नोंद, लिहिला, लॅपटॉपवर चालला. डिप्लॉय केला, म्हणजे सर्व्हरवर टाकला, की एरर. मग कुणीतरी सर्व्हरवर शिरून कॅश (आधीच बनवून ठेवलेली नक्कल) साफ करतं, सगळं सुरळीत होतं आणि विषय तिथेच मिटतो. पुढच्या डिप्लॉयला पुन्हा तेच. संध्याकाळच्या गर्दीच्या ट्रेनमध्ये दांडीला लटकून, फोनवरून एसएसएचने सर्व्हरवर शिरून कॅश साफ करणारी मुलं मी पाहिली आहेत. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "दादा, कॅश मारली की चालतं ना!"

चालतं, खरंय. पण कशामुळे अडलं होतं हे त्यातून कळत नाही, म्हणूनच ते परत येतं. इथे दोन-तीन वेगळ्या बिघाडांना लोक एकाच नावाने हाक मारतात. ते आधी वेगळे केले पाहिजेत, आणि ते करायला लारावेलचा एरर मेसेजच पुरेसा असतो.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. हाउसिंग सोसायट्यांचं मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर आहे. सोसायट्या मुलुंडच्या, बोरिवलीच्या, परळच्या. महिन्याच्या सुरुवातीला बिलं निघतात, सभासद पैसे भरतात, पावती उतरवून घेतात. पावती उतरवणं हे एकच काम, म्हणून त्याला एकच कंट्रोलर: 'पावतीडाउनलोड'. रूटमध्ये मेथडचं नाव द्यायचं नाही, नुसता क्लास द्यायचा. लारावेल त्यातली इन्व्होक आपणहून शोधतं. ही मॅजिक मेथड पीएचपीत ५.३ पासून, म्हणजे २००९ पासून आहे.

मेसेज कोणता आलाय ते नीट वाचा

पहिला मेसेज असतो 'इनव्हॅलिड रूट ॲक्शन' आणि पुढे चौकोनी कंसात क्लासचं नाव. दुसरा असतो 'टार्गेट क्लास अमुक डझ नॉट एक्झिस्ट'. घाईत दोन्ही सारखेच वाटतात, कारण दोन्हींत आपल्या कंट्रोलरचं नाव दिसतं. पण ते येतात वेगवेगळ्या ठिकाणांहून.

रूटला नुसता क्लास दिला असेल, तर रूट नोंदवतानाच लारावेल त्या क्लासमध्ये इन्व्होक आहे का हे तपासतं. क्लास आहे पण मेथड नाही, तरी 'इनव्हॅलिड रूट ॲक्शन'. क्लासच सापडला नाही, तरी तेच. ही तपासणी रूटची फाइल वाचताना होते आणि कॅश नसेल तर ती फाइल प्रत्येक रिक्वेस्टला वाचली जाते. म्हणून एका पावतीच्या रूटमध्ये चूक झाली की लॉगिनचं पानही बंद, सगळी साइटच बंद. आर्टिसनच्या, म्हणजे लारावेलच्या टर्मिनलमधल्या, कमांडसुद्धा चालत नाहीत, कारण त्याही सुरुवातीला रूट वाचतात. पीएचपीची पॅकेजेस आणणारा कंपोझर इन्स्टॉलच्या शेवटच्या टप्प्यावर आर्टिसनची पॅकेज डिस्कव्हर कमांड चालवतो, तोही इथेच आपटतो. मग लोक कंपोझरला शिव्या घालत बसतात आणि पॅकेजेसचं व्हेंडर फोल्डर उडवून पुन्हा इन्स्टॉल करतात. त्याचा इथे काही उपयोग नाही.

'टार्गेट क्लास' हा मेसेज फार नंतर येतो. रिक्वेस्ट आली, रूट जुळला, आता कंट्रोलरचा ऑब्जेक्ट बनवायचा, तेव्हा कंटेनर, म्हणजे ऑब्जेक्ट बनवून देणारा लारावेलचा भाग, म्हणतो की असा क्लासच नाही. क्लास आणि मेथड अशी जोडी ॲरेत दिलेल्या नेहमीच्या रूटला नोंदणीच्या वेळी कुणी तपासत नाही, म्हणून तिथे हा मेसेज सर्रास दिसतो. नुसता क्लास दिलेल्या रूटला मात्र तो यायलाच नको. ताजी रूट फाइल वाचली गेली असती तर क्लास नसल्याचं आधीच्याच पायरीवर उघड झालं असतं. म्हणजे सिंगल ॲक्शन कंट्रोलरच्या नावाने 'टार्गेट क्लास' आला, तर पहिला संशय एकाच गोष्टीवर: रूट फाइलीतून आले नाहीत, जुन्या कॅशमधून आले.

फक्त कंसातलं नाव खरंच कंट्रोलरचं आहे ना, एवढं बघा. कन्स्ट्रक्टरमध्ये मागितलेला 'पीडीएफमेकर' हरवला असेल तरी मेसेज हाच येतो, नाव मात्र त्याचं असतं. कंसात नुसतं 'रोल' किंवा 'ॲडमिन' असं छोटं नाव असेल तर तो मिडलवेअरचा, म्हणजे कंट्रोलरच्या आधी रिक्वेस्ट तपासणाऱ्या कोडचा, अलियास (टोपणनाव) आहे, नोंदवायचा राहिलाय. त्यासाठी कंट्रोलर उघडायचीही गरज नाही.

'इनव्हॅलिड रूट ॲक्शन' आला तर

साधी कारणं आधी. इन्व्होकला दोनऐवजी एकच अंडरस्कोअर पडलाय. काही फाँटमध्ये दोन अंडरस्कोअर जोडून एकच रेघ दिसते, त्यामुळे डोळ्यांना पटकन कळत नाही. किंवा रूट फाइलीच्या डोक्यावर क्लासचा पूर्ण पत्ता सांगणारी यूजची ओळ नाही. क्लासच्या नावापुढे दोन कोलन आणि 'क्लास' लिहिलं की पीएचपी फक्त त्या नावाची स्ट्रिंग बनवतं, असा क्लास आहे की नाही ते बघत नाही. मेसेजमध्ये 'ॲप' पासून पूर्ण पत्ता न दिसता नुसतं 'पावतीडाउनलोड' दिसलं, की समजा यूजच राहिलाय.

जुन्या प्रोजेक्टमधून रूट उचलून आणले असतील तर तिसरं कारण: लारावेलच्या आठव्या आवृत्तीच्या आधी कंट्रोलरचं नाव अवतरणचिन्हांत लिहिलं तरी चालायचं, कारण नेमस्पेस (नावाआधीचा क्लासचा पत्ता) आपोआप पुढे लागायची. २०२० मध्ये आठवी आवृत्ती आली, त्यात नव्या प्रोजेक्टला ही सोय उरली नाही.

आणि चौथं कारण, जे खरं छळतं: फाइलीच्या नावातलं लहान-मोठं अक्षर.

मॅक आणि विंडोजवरची फाइल सिस्टिम नेहमीच्या सेटिंगमध्ये लहान आणि मोठ्या अक्षरांत फरक करत नाही. लिनक्स करते. कंपोझरचा ऑटोलोडर क्लासच्या नावावरून फाइलीचा पत्ता काढतो. क्लासमध्ये 'डाउनलोड'चा डी मोठा, फाइलीच्या नावात लहान. मॅकवर फाइल उघडते, लिनक्सवर ती फाइल अस्तित्वातच नसते. फोल्डरच्या नावाचंही तसंच. नेमस्पेसमध्ये 'सोसायटी'चा एस मोठा असेल तर फोल्डरचाही मोठाच हवा.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. पुढचा भाग माहीत नसतो. चूक कळल्यावर तुम्ही एडिटरमध्ये फाइलीचं नाव दुरुस्त करता. तुमच्या डिस्कवर नाव बरोबर झालं. पण अशा मशीनवर, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये 'इग्नोअरकेस' हे सेटिंग चालू असतं, त्यामुळे नुसतं अक्षर बदलल्याची गिटला दखलच नसते. गिट स्टेटस म्हणतं, काही बदल नाही. तुम्ही म्हणता, दुरुस्त करून पुश केलं. सर्व्हरवर जुनंच नाव जातं. तुमच्या स्क्रीनवर सगळं बरोबर दिसत असल्यामुळे यावर अख्खी दुपार जाऊ शकते.

बघायचं ते डिस्कवर नाही, गिटच्या नोंदीत. गिटची 'एलएस-फाइल्स' कमांड त्या फोल्डरवर चालवा, गिटला माहीत असलेलं नाव तिथे दिसेल. चुकीचं असेल तर गिट एमव्हीने (नाव बदलण्याच्या कमांडने) फाइलीला आधी भलतंच एखादं नाव द्या, मग दुसऱ्यांदा गिट एमव्हीने हवं ते नाव द्या आणि कमिट करा. अशा दोन पायऱ्यांत केलं की कुठल्याही मशीनवर बिनबोभाट होतं.

कंपोझरच्या 'डंप-ऑटोलोड'ला, म्हणजे क्लासची यादी पुन्हा बनवणाऱ्या कमांडला, ऑप्टिमाइझ आणि 'स्ट्रिक्ट-पीएसआर' हे दोन्ही पर्याय एकत्र दिले, तर क्लासचं नाव आणि फाइलीचं नाव जुळत नसल्यास ते एरर कोड देऊन थांबतं. डिस्कवरचंच नाव चुकलं असेल तर हे मॅकवरही पकडलं जातं. डिस्कवर बरोबर आणि गिटमध्ये चूक, असा प्रकार मात्र लिनक्सवर ताजा क्लोन (गिटमधून नवी प्रत) घेतल्याशिवाय उघडा पडत नाही.

'टार्गेट क्लास' आला तर, किंवा नवा रूट ४०४ (पान सापडलं नाही) देत असेल तर

रूट कॅश म्हणजे बिल्डिंगच्या जिन्याखालचा नावांचा बोर्ड. बिऱ्हाड कधीच निघून गेलेलं असतं, नवं येऊन स्थिरावतं, बोर्डावर मात्र जुनीच पाटी. रूट कॅश केले की लारावेल रूटच्या फाइलींकडे ढुंकूनही बघत नाही. बूटस्ट्रॅपमधल्या कॅश फोल्डरात बनवून ठेवलेली एक फाइल वाचतं, बस्स. तुम्ही 'बिलडाउनलोड'चं नाव बदलून 'पावतीडाउनलोड' केलंत. कॅशमध्ये अजून जुनं नाव आहे, तो क्लास आता नाही, म्हणून 'टार्गेट क्लास'. आणि नव्याने लिहिलेला रूट कॅशमध्ये नाहीच, म्हणून तो ४०४. बघा, एकाच डिप्लॉयमध्ये दोन वेगवेगळे एरर, मूळ एक.

पण कॅश शिळी राहतेच का? बहुतेक ठिकाणी गोष्ट अशी असते: डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये रूट कॅश करण्याची ओळच नाही. मधल्या काळात कुणीतरी साइट मंद वाटली म्हणून सर्व्हरवर हाताने आर्टिसनचं ऑप्टिमाइझ चालवलं. त्यात रूट कॅशही येते. त्या दिवसापासून पुढचा प्रत्येक डिप्लॉय त्या शिळ्या फाइलीवर आदळतो. मग एकजण रूट-क्लिअर मारतो, चालतं. दोन आठवड्यांनी दुसरा पुन्हा ऑप्टिमाइझ मारतो. दोघंही आपापल्या जागी बरोबरच, आणि कटकट कायम.

खात्री करायला त्या कॅश फाइलीची तारीख बघा. शेवटच्या डिप्लॉयच्या आधीची असेल तर चोर सापडला.

उपाय म्हणजे रूट कॅश करण्याचं काम स्क्रिप्टकडे द्या आणि हाताने करणं सर्वांनी बंद करा. पण स्क्रिप्टमध्ये ती ओळ कुठे येते याला फार महत्त्व आहे. रूट-कॅश ही कमांड आधी जुनी कॅश पुसते, मग नवे रूट वाचून नवी बनवते. मध्येच 'इनव्हॅलिड रूट ॲक्शन' आला तर जुनी गेलेली असते, नवी झालेली नसते आणि चालू साइट आडवी. चालत्या फोल्डरमध्येच गिट पुल करणाऱ्यांना हा फटका बसतो. त्यापेक्षा नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरात घ्या, तिथे कंपोझर इन्स्टॉल आणि रूट-कॅश करा, दोन्ही पार पडले तरच साइटच्या फोल्डरकडे नेणारा सिमलिंक, म्हणजे दुवा, नव्या फोल्डरकडे वळवा. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट' आणि उणे ई ही ओळ हवीच. ती नसेल तर बॅश (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) वाटेत आलेला एरर गिळून पुढे चालत राहतं, आणि शेवटी 'डिप्लॉय यशस्वी' असं हिरव्या अक्षरांत छापतं.

टर्मिनल एक सांगतं, ब्राउझर दुसरंच

सर्व्हरवर रूट-लिस्ट चालवली, नवा रूट दिसतोय. (सिंगल ॲक्शन कंट्रोलरच्या नावापुढे तिथे मेथड दिसत नाही, नुसता क्लास दिसतो, ते बरोबर आहे.) ब्राउझरमध्ये मात्र जुनंच. कॅश साफ केली, तरी जुनंच.

हा ओपीकॅशचा, म्हणजे पीएचपीचा कोड मेमरीत धरून ठेवणाऱ्या कॅशचा, प्रकार. प्रॉडक्शनवर वेगासाठी पुष्कळदा 'व्हॅलिडेट टाइमस्टॅम्प्स' शून्य केलेलं असतं. मग एफपीएमने, म्हणजे वेबसाठी पीएचपी चालवणाऱ्या प्रोसेसने, एकदा मेमरीत घेतलेली फाइल डिस्कवर बदलली तरी ते पुन्हा वाचत नाही. टर्मिनलमधला पीएचपी वेगळी प्रोसेस, त्याला ताजी फाइल दिसते. म्हणून दोघं वेगळं बोलतात. आर्टिसनच्या कुठल्याही क्लिअर कमांडने एफपीएमची ही मेमरी जात नाही. एफपीएम रीलोड करावं लागतं. ही ओळ सिमलिंक बदलल्यानंतर लगेच हवी. मागे रांगेतली कामं करणारे क्यू वर्करही जुना कोड धरून बसलेले असतात, त्यांच्यासाठी क्यू-रीस्टार्ट. ॲप मेमरीत चालू ठेवणारं ऑक्टेन वापरत असाल तर त्याचं रीलोड वेगळं.

एरर नाही, पण पावती कोरी

हा सगळ्यात फसवा. रूट चालतो, पीडीएफ उतरते, उघडून बघावं तर फ्लॅट नंबर रिकामा, रक्कम रिकामी, खाली सोसायटीचा शिक्का मात्र झोकात. सेक्रेटरी काकांचा फोन येतो, "अहो, ही कोरी पावती कुणाची?" लॉगमध्ये एक ओळ नाही.

रूटमध्ये महिरपी कंसात 'पावती' लिहिलंय आणि इन्व्होकमध्ये पावती मॉडेल (डेटाबेसमधल्या पावतीचा क्लास) टाइपहिंट करून, म्हणजे प्रकार म्हणून लिहून, व्हेरिएबलचं नाव ठेवलंय 'बिल'. लारावेल टाइपवरून नव्हे, नावावरून जुळवतं. नाव जुळलं तर डेटाबेसमधली नोंद शोधतं, नाही सापडली तर ४०४. नावच जुळलं नाही तर त्याला वाटतं तुम्हाला या मॉडेलचा एक ऑब्जेक्ट हवाय, आणि कंटेनर नवाकोरा, रिकामा ऑब्जेक्ट हातात ठेवतो. तक्रार करण्यासारखं त्याच्या दृष्टीने काही घडलेलंच नसतं. जुन्या कंट्रोलरमधली मेथड कापून नव्या सिंगल ॲक्शन कंट्रोलरमध्ये चिकटवताना हे हमखास होतं. दोन्हीकडे नाव एकच ठेवा. रूटमध्ये अंडरस्कोअरने जोडलेलं आणि मेथडमध्ये कॅमलकेसमधलं (पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं), एवढा फरक चालतो.

याच जागी दुसरी, जास्त गंभीर गोष्ट. नाव जुळलं, नोंद सापडली, पण ती कुणाची आहे हे ही जुळवणी, म्हणजे बाइंडिंग, बघत नाही. ३०२ नंबरच्या फ्लॅटवाल्याने वेब पत्त्यातला आकडा बदलला की ३०४ नंबरच्या फ्लॅटची थकबाकी त्याच्यासमोर. सोसायटीत यावरून वार्षिक सभेत काय रण माजेल ते सांगायला नको. पॉलिसी, म्हणजे कुणी काय बघावं याचा नियम, लिहा आणि इन्व्होकच्या पहिल्या ओळीत गेटकडून (परवानगी तपासणाऱ्या लारावेलच्या भागाकडून) ऑथराइज करून घ्या, किंवा रूटलाच 'कॅन' हे मिडलवेअर लावा.

तिथे जुन्या सवयीने कंट्रोलरचंच ऑथराइज बोलावलं आणि 'कॉल टू अनडिफाइन्ड मेथड' आलं, तर तुमचा प्रोजेक्ट अकरावी किंवा त्यापुढची आवृत्ती घेऊन नव्याने सुरू केलेला आहे. २०२४ च्या अकराव्या आवृत्तीत मूळ कंट्रोलर क्लास जवळपास रिकामा केला. ऑथराइज, व्हॅलिडेट आणि कन्स्ट्रक्टरमधलं मिडलवेअर, तिन्ही तिथून गेलं. जुना प्रोजेक्ट अपग्रेड केलेल्यांकडे त्यांची जुनी फाइल तशीच असते, म्हणून त्यांना त्रास होत नाही. व्हॅलिडेट रिक्वेस्टवर बोलवा, मिडलवेअर रूटवर लावा. एकाच कामाच्या कंट्रोलरला मूळ क्लासपासून एक्स्टेंड करण्याची गरजही नसते. मी करत नाही.

किरकोळ, पण रोजचं: फॉर्म रिक्वेस्ट (फॉर्म तपासणारा क्लास) नवी बनवली आणि ४०३ (परवानगी नाही) येतोय, तर तिच्यातलं ऑथराइज अजून फॉल्स परत करतंय, आर्टिसन ती तशीच बनवून देतं. ४१९ आला तर फॉर्ममध्ये सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आलाय याची खूण) नाही. ४०५ म्हणजे फॉर्म 'पोस्ट' पद्धतीने जातोय आणि रूट 'गेट' पद्धतीच्या रिक्वेस्टचा आहे, किंवा उलट. मोबाइल ॲपवरून व्हॅलिडेशन चुकल्यावर एररऐवजी भलतंच पान येत असेल, तर ॲप 'ॲक्सेप्ट' हेडरमध्ये जेसन मागत नाहीये.

'पावत्या/उतरवा' असा ठरीव रूट ४०४ देत असेल तर त्याच्या वर 'पावत्या' आणि पुढे महिरपी कंसातला रूट आहे का बघा. तो 'उतरवा' हाच पावतीचा नंबर समजून डेटाबेसमध्ये शोधत बसतो. ठरीव रूट वर घ्या.

एकच काम, पण किती मोठं

आता थोडं माझं मत. या कंट्रोलरमध्ये वारंवार बिघाड होतोय म्हणून जेव्हा कुणी कोड दाखवतं, तेव्हा पुष्कळदा इन्व्होक दीडशे ओळींची असते आणि तिच्यात 'टाइप बिल असेल तर, टाइप पावती असेल तर' अशा फांद्या असतात. मेथड एक ठेवली, कामं चार कोंबली. त्यापेक्षा चार मेथडचा साधा कंट्रोलर बरा होता. सभासदांची यादी, नवा सभासद, बदल, काढणं, यासाठी मी आजही रिसोर्स कंट्रोलरच वापरतो. सिंगल ॲक्शन त्या कामांसाठी, ज्यांना रिसोर्स कंट्रोलरच्या ठरलेल्या सात मेथडमध्ये जागा नाही: पावती उतरवणं, बिल पुन्हा पाठवणं, ना हरकत दाखला मंजूर करणं.

दुसरं, हिशोब इन्व्होकमध्ये लिहू नका. भाड्याने दिलेल्या फ्लॅटला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लागतात. महाराष्ट्रात ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचा कर धरायचा नसतो. हा नियम बिल दाखवणाऱ्या कंट्रोलरमध्ये लिहिला, की महिन्याची बिलं काढणारी रात्रीची कमांड आणि मोबाइल ॲपला माहिती देणारा एपीआय त्याच नियमाची आपापली नक्कल करतात. मग एका ठिकाणी कर वगळलेला, दुसऱ्या ठिकाणी धरलेला, आणि एकाच फ्लॅटची दोन बिलं. नियम वेगळ्या साध्या क्लासमध्ये ठेवा. इन्व्होकने रिक्वेस्ट घ्यावी, त्या क्लासला विचारावं आणि उत्तर परत द्यावं. तेवढंच असलं की ती दहा-बारा ओळींत मावते आणि वरचे सगळे बिघाड नुसत्या नजरेने सापडतात.

आधीच पकडायचं असेल तर

पुल रिक्वेस्टवर (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीवर) लिनक्सच्या सीआयमध्ये, म्हणजे तपासण्या आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत, तीन गोष्टी चालवा: ऑप्टिमाइझ आणि स्ट्रिक्ट-पीएसआरसह डंप-ऑटोलोड, रूट-कॅश आणि प्रत्येक सिंगल ॲक्शन रूटला एकदा हाक मारणारी फीचर टेस्ट. पहिलीत अक्षरांचा घोळ सापडतो. दुसरीत हरवलेला क्लास, हरवलेली इन्व्होक आणि दोन रूटना दिलेलं एकच नाव, हे तिन्ही सापडतं. टेस्टमध्ये पान २०० (सगळं ठीक) देतंय एवढं बघून थांबू नका, नाहीतर कोरी पावतीही पास होईल. पावतीला दिलेला फ्लॅट नंबर उत्तरात आहे का ते तपासा, आणि दुसऱ्या सभासदाने तीच पावती मागितल्यावर ४०३ येतो का तेही.

रूट-कॅश स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून बघितलीत तर लगेच रूट-क्लिअर करा. नाहीतर पुढचा रूट लिहाल, तो ४०४ देईल, आणि या खेपेला सर्व्हरकडे बोट दाखवता येणार नाही.